ओढण्याचा आकडा: एकाच ट्रकचे दोन हिशेब

१/ १२ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये एक विलक्षण मिरवणूक महामार्गावरील पुलापाशी थांबली होती. ‘एंडेव्हर’ हे निवृत्त अंतराळयान विमानतळावरून संग्रहालयाकडे निघाले होते. त्याला वाहून आणणाऱ्या अवजड यंत्रांचा भार या पुलाला झेपणारा नव्हता. म्हणून यान एका हलक्या चाकगाड्यावर ठेवण्यात आले आणि तो गाडा टोयोटा टुंड्रा या पिकअप ट्रकला जोडण्यात आला.

२/ यान आणि गाडा मिळून वजन १३० टनांच्या आसपास. टुंड्राची ‘टोइंग कपॅसिटी’, म्हणजे कंपनीने जाहीर केलेली ओढण्याची मर्यादा, साधारण साडेचार टन. मर्यादेच्या पंचवीसपटींहून अधिक ओझे ओढत पिकअपने पूल पार केला. मग साडेचार टनांचा तो आकडा खोटा होता काय? आजचा धागा त्या आकड्याच्या इतिहासाविषयी आहे.

३/ याआधीची एक घटना पाहू. १९४७ मध्ये अल्फ्रेड लेटूर्नर या फ्रेंच सायकलपटूने ‘एअरस्ट्रीम’ कंपनीचे राहण्याजोगे ट्रेलर-घर सायकलने ओढले. त्या प्रसंगाचे छायाचित्र कंपनीने जाहिरातींतून घरोघरी पोहोचवले. ॲल्युमिनियमचे ते घर हलके होते, हे खरेच. परंतु एका माणसाच्या पायांनी ते हलावे यामागचे मुख्य कारण निराळे आहे.

४/ कठीण, सपाट रस्त्यावर रबरी चाकांवरचे ओझे सावकाश चालते ठेवण्यास फारच थोडा जोर पुरतो: दर १०० किलो वजनामागे साधारण १ ते २ किलोचा. चाकाचा शोध मानवी इतिहासात इतका मोलाचा ठरला तो यामुळेच. मात्र त्याच रस्त्याला १०० मीटरमागे ६ मीटरचा चढ आला, की प्रत्येक १०० किलोमागे आणखी ६ किलो जोर लागतो. सपाटीवर जे काम सायकलने होते, त्याला घाटात इंजिन हवे.

५/ आणि ओढणे हा निम्माच प्रश्न. वेग दुप्पट झाला की ब्रेकना चौपट ऊर्जा जिरवावी लागते. लांब चढावर इंजिन आणि गिअरबॉक्सचे तेल तापत जाते. लांब उतारावर ब्रेक तापतात आणि त्यांची पकड सुटू लागते. म्हणजे टोइंग कपॅसिटीने ‘गाडी किती हलवू शकते?’ एवढेच सांगून भागत नाही. ‘किती ओझे घेऊन ती चढू, वळू आणि थांबू शकते?’ याचेही उत्तर त्या आकड्यात असावे लागते.

६/ हा प्रश्न सामान्य कुटुंबापर्यंत आला तो अमेरिकेत. १९२५ मध्ये फोर्डने मॉडेल टी गाडी कारखान्यातच पिकअपच्या रूपात विकायला काढली. किंमत २८१ डॉलर. १९३० च्या दशकात ट्रेलर-घरांचा छंद पसरला. १९४५ मध्ये ‘यू-हॉल’ ही भाड्याने ट्रेलर देणारी कंपनी निघाली. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे उभे राहू लागले. शेतावरचे वाहन आता बोट, घोडे किंवा सारा संसार मागे जोडून वेगाने धावू लागले.

७/ जेथे ग्राहक आहे तेथे तुलना आली आणि तुलनेला आकडा लागतो. ही रीत जुनीच. अठराव्या शतकात जेम्स वॉटने आपल्या वाफेच्या इंजिनाची ताकद घोड्यांशी तोलून सांगितली. कारण गिऱ्हाईक घोडे वापरणारे होते, त्यांना तीच भाषा कळत होती. ‘हॉर्सपॉवर’ हा शब्द प्रयोगशाळेइतकाच बाजारपेठेचाही आहे. पिकअपच्या बाजारात ती जागा टोइंग कपॅसिटीने घेतली.

८/ अडचण अशी, की हा आकडा कसा काढायचा याचा सर्वमान्य नियमच नव्हता. प्रत्येक कंपनीची चाचणी निराळी. कोणता चढ, किती उष्णता, गाडीत किती माणसे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. दरवर्षी प्रतिस्पर्ध्याच्या थोडे पुढे जाणारा आकडा छापला जाई. दोन जाहिरातींतील दोन आकडे शेजारी ठेवून ग्राहक गाडी निवडत असे. प्रत्यक्षात ते दोन वेगवेगळ्या तराजूंत तोललेले असत.

९/ २००८ मध्ये अमेरिकेतील वाहन-अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेने ‘जे२८०७’ हे मानक प्रसिद्ध केले. ट्रेलरसह शून्यापासून ताशी ९६ किलोमीटरचा वेग ३० सेकंदांच्या आत गाठणे. तीव्र चढावर थांबून पुन्हा निघणे, तेही पुढे आणि मागे. वळणावर व ब्रेक लावताना ताबा राखणे, अशा कसोट्या त्यात घातल्या गेल्या. एकाच गोष्टीत अव्वल असून भागणार नव्हते.

१०/ सर्वांत प्रसिद्ध कसोटी डेव्हिस धरणाच्या चढाची. ॲरिझोनात, कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यातून वाळवंटी डोंगरांकडे जाणारा हा सुमारे १८ किलोमीटरचा रस्ता. हवा किमान ३८ अंश सेल्सिअस, एसी पूर्ण जोरात आणि मागे पूर्ण वजनाचा ट्रेलर. एवढ्या भारानिशी साध्या पिकअपचा वेग चढावर ताशी ६४ किलोमीटरच्या खाली जाता कामा नये, आणि कोणताही भाग तापून निकामी होता कामा नये.

११/ मानक आले, पण ते ऐच्छिक होते. नव्या कसोटीवर तोलले तर आपला आकडा घटणार आणि शेजारच्याचा जुना, फुगलेला आकडा तसाच झळकत राहणार, ही प्रत्येकाची धास्ती. त्यामुळे तोटा सोसून प्रथम खरे बोलायचे कोणी, यावरच गाडे अडले. अमेरिकेच्या तिन्ही बड्या कंपन्यांचे हलके पिकअप या मानकाखाली येईपर्यंत २०१५ चे मॉडेल-वर्ष उजाडले.

१२/ पहिले पाऊल टाकले ते टोयोटाने, २०११ च्या मॉडेलपासून, आणि तेही टुंड्राबाबत. गाडी फारशी बदलली नसताना तिचे जाहीर आकडे शेकडो पौंडांनी उतरले. पुढच्याच वर्षी याच टुंड्राने अंतराळयान ओढले! मंद गती, सुमारे ४०० मीटरचे अंतर आणि जवळपास सपाट पूल: १३० टनांचा आकडा त्या रात्रीचा होता. साडेचार टनांचा आकडा मात्र वाळवंटातल्या चढाचा, उतारावरच्या वळणाचा आणि अचानक आडव्या आलेल्या वाहनाचा आहे.

१३/ या शास्त्रातील एक बाब आपल्या पूर्वजांना पक्की ठाऊक होती. बैलगाडीत ओझे मागे गेले की जू वर उचलले जाते. अशा गाडीला मराठीत ‘उलार’ म्हणतात. ओझे फार पुढे आले तर बैलांच्या माना दबतात. ट्रेलरचेही तसेच. त्याच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार जोडकडीवर पडायला हवा. उलार ट्रेलर वेगात असताना शेपटीसारखा डोलू लागतो आणि पुढच्या गाडीलाही फरफटवतो. आखूड बांध्याच्या एसयूव्हीला तो हिसका अधिक जाणवतो.

१४/ मानकाच्या आकड्यालाही चौकट आहे. त्या हिशेबात गाडीत चालक आणि एक प्रवासी, प्रत्येकी ६८ किलोचे, एवढेच धरलेले असतात. पाच माणसे, सामानाच्या पेट्या आणि टपावरच्या सायकली चढल्या की त्यांचे वजन ट्रेलरच्या वाट्यातून वजा करावे लागते. जोडकडीवरचा भारही गाडीनेच पेलायचा असतो. त्यामुळे पुष्कळदा इंजिनात दम शिल्लक असतो, पण मागची स्प्रिंग, आस आणि टायर यांची मर्यादा आधीच संपलेली असते.

१५/ इतिहासाच्या अभ्यासकाला यातून एक सवय लावून घेता येईल. सैन्याची संख्या असो, किल्ल्यावरच्या तोफांचे वजन असो वा ट्रकची ताकद, आकडा समोर आला की विचारावे: तो कोणी मोजला, कोणत्या परिस्थितीत मोजला आणि कोणाला दाखवण्यासाठी? टुंड्राचे दोन्ही आकडे खरे होते. त्यांपैकी ज्याच्या भरवशावर कुटुंबाला घेऊन घाट उतरता येईल, असा मात्र एकच होता आणि तो लहान होता.