गीताचा वाढदिवस

थोरांच्या जयंत्या-पुण्यतिथ्या आपण नेमाने साजऱ्या करतो. गाण्याचा वाढदिवस मात्र सहसा कोणी करीत नाही. कारण लोकांच्या तोंडी बसलेले गाणे प्रथम कोणत्या दिवशी ऐकू आले, हे बहुधा सांगताच येत नाही. ‘गीतरामायण’ हा या बाबतीत ठळक अपवाद होय.

शके १८७७ ची रामनवमी १ एप्रिल १९५५ रोजी, शुक्रवारी आली. त्या दिवशी पुणे आकाशवाणीवरून या मालिकेतील पहिले गीत प्रक्षेपित झाले. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे आणि चाली सुधीर फडके यांच्या. पहिल्याच गीताचा कागद ऐन वेळी गहाळ झाला व कवीने ते पुन्हा लिहून दिले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. आठवड्यास एक गीत या हिशेबाने वर्षाची बावन्न गीते व्हावयाची. ती झाली छप्पन्न. कारण त्या वर्षी भाद्रपद अधिक होता. १९५६ ची रामनवमी १९ एप्रिलला आली, म्हणजे दोन नवम्यांत ३८४ दिवसांचे अंतर पडले. चार गीतांची ही भर मराठीस पंचांगाने घातली, असे म्हटल्यास वावगे होऊ नये.

त्या गायकांत माणिक वर्मा, मालती पांडे, ललिता फडके यांच्याबरोबर वसंतराव देशपांडेही होते. मूर्तिजापुरास जन्मलेले वसंतराव नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणे शिकले. तेव्हा या पुणेरी कार्यात वऱ्हाड-नागपूरचाही सूर मिसळला आहे.

रेडिओ ही त्या काळी घरोघर असणारी वस्तू नव्हती. तरीही १९५७ साली निघालेले पुस्तक, फडक्यांचे स्वतःचे कार्यक्रम आणि चाली उचलणारी हौशी मंडळी यांमुळे ही गीते गावोगाव पोचली. हिंदी, गुजराती, कन्नड, बंगाली अशा भाषांत त्यांचे अनुवाद झाले.

२००५ साली या गीतांचा सुवर्णमहोत्सव झाला. २०१९ साली माडगूळकर व फडके या दोघांचीही जन्मशताब्दी आली. २०३० साली गीतरामायणास पाऊणशे वर्षे पूर्ण होतील. तो दिवस १ एप्रिलला धरावा की रामनवमीला, असा प्रश्न तेव्हा निघेल. आमचे मत तिथीच्या बाजूचे आहे. आम्हां पारशिवनीकरांच्या शेजारी रामटेकचा गड आहे. तेथे रामनवमी कोणास आठवून द्यावी लागत नाही. तारीख लक्षात ठेवावी लागते, तिथी आपोआप दारी येते.

परंतु तिथी असो वा तारीख, त्या दिवशी आपण केवळ भाषणेच करणार असू, तर तो गीताचा वाढदिवस नव्हे, श्राद्ध होय. गावातील चार मुलामुलींनी पेटीवर एक गीत नीट बसवून म्हणावे; चुकले तर वडीलधाऱ्यांनी सांभाळून घ्यावे. गीताचे वय वर्षांनी मोजले जाते खरे. पण ते जिवंत आहे की नाही, हे गाणाऱ्या गळ्यांवरूनच ठरते.