मृग चालत पावसाकडे आला

सात जूनला मृग लागतो, हे बुलढाण्यातल्या शेतकऱ्याला पंचांग न उघडता ठाऊक असतं. माझं कुतूहल चाळवलं ते याच तारखेनं. पोळा, दिवाळी, अक्षय्य तृतीया दरवर्षी मागेपुढे होतात. मृग मात्र सात-आठ जूनचा हलत नाही. सण चंद्रावर चालतात, शेतीची नक्षत्रं सूर्यावर. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो: २५ मेला रोहिणी, मग मृग, २१-२२ जूनला आर्द्रा, पुढे पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, आणि असं करत हस्त, चित्रा, स्वाती. थंड देशातला माळी शेवटचं हिमदव कधी पडून जातं ते पाहून रोपं वाफ्यात लावतो. आपल्याकडे ती जागा पहिल्या पावसाची.

मृगावर पेरायची रीत वेदकाळापासूनची, असं सांगतात. ती तशी असूच शकत नाही, आणि याचा सगळ्यात भक्कम पुरावा लोकमान्य टिळकांनीच देऊन ठेवलेला आहे. १८९३ साली निघालेल्या ‘ओरायन’ या त्यांच्या ग्रंथाचा गाभा असा की, वेदांतल्या जुन्या भागाच्या काळी वसंतसंपात मृगशीर्षात होता. म्हणजे दिवस-रात्र समान होत तेव्हा सूर्य मृगात असे. आजच्या हिशेबानं तो मार्चचा तिसरा आठवडा. तेव्हा वऱ्हाडात गहू-हरभरा खळ्यावर असतो. त्या मृगावर कोणी बी टाकलं असतं, तर ते अडीच महिने धुळीत पडून राहिलं असतं! टिळकांचा काळनिर्णय सगळे पंडित मानत नाहीत, पण त्यामागचं गणित कोणालाच नाकारता येत नाही. पृथ्वीचा आस हळूहळू फिरतो, त्यामुळे नक्षत्रं ऋतूंच्या तुलनेत साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतात.

हाच हिशेब खाली आणत गेलं की गंमत कळते. वराहमिहिराच्या सहाव्या शतकात मृग आजच्या सतरा-अठरा मेच्या सुमारास लागे. १२९० साली ज्ञानेश्वरी पुरी झाली तेव्हा २८ मेच्या आसपास. शिवकाळात दोन-तीन जूनला. आपण मृगाला पावसाचं नक्षत्र म्हणतो, पण तो पावसाच्या दारात पोचला तो फार तर गेल्या चार-पाचशे वर्षांत.

यावर ‘कृषिपराशर’ पुढे केला जातो. त्या संस्कृत ग्रंथात वैशाखातली पेरणी उत्तम, ज्येष्ठातली मध्यम आणि आषाढातली हलकी ठरवली आहे. पण हे माप महिन्यांचं आहे, आणि बोलणं मुख्यतः भाताच्या मुलखाचं. उलट मृग संपून आर्द्रा लागते त्या दिवसांत भूमी रजस्वला असते, तेव्हा बी टाकू नये, असं तोच ग्रंथ बजावतो. आसामातलं कामाख्येचं मंदिर याच सुमाराला तीन दिवस बंद असतं. तिकडे ज्या सांध्यावर जमिनीला विसावा, त्याच सांध्यावर आपल्याकडे तिफण सगळ्यात जोरात चालते. दोन्ही रिती एका मुळाच्या मानायला मी तयार नाही.

मग आपलं मूळ कुठलं? माझं बोट समुद्राकडे जातं. केरळात सूर्यनक्षत्रांच्या याच पंधरवड्यांना ‘ञाट्टुवेला’ म्हणतात आणि मिरीचे वेल आर्द्रेच्या, म्हणजे तिरुवातिरेच्या, ञाट्टुवेलेत लावतात. पोर्तुगीज मिरीची रोपं नेऊ लागले तेव्हा सामुतिरी राजाच्या दरबारात ‘वेल नेतील, पण आमची तिरुवातिरा ञाट्टुवेला कशी नेतील?’ असं उत्तर मिळाल्याची दंतकथा तिकडे प्रसिद्ध आहे. आता नकाशा पाहा. मोसमी पाऊस दक्षिण कोकणात येतो तो जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस, अगदी मृगावर. विदर्भात पोचायला त्याला महिन्याचा मध्य उजाडतो. सात जून ही किनाऱ्याची तारीख आहे. ती घाट चढून देशावर आणि तिथून वऱ्हाडात आली, असं माझं ठाम मत आहे.

वऱ्हाडात मृगाच्या आरंभी वळीव पडतो आणि तेवढ्यावर पेरता येतं, असा प्रतिवाद होईल. वळवावर पेरलं आणि मग पावसानं ओढ दिली, तर दुबार पेरणीची पाळी येते, हे इथल्या घराघराला माहीत आहे. वळवावर कुठलं शेतीचं पंचांग उभं राहील?

बुलढाणा जिल्ह्यातलीच एक जुनी रीत माझ्या बाजूनं बोलते. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घटमांडणी होते. चंद्रभान महाराज वाघांनी ती सुरू केली. परंपरा सुमारे साडेतीनशे वर्षांची सांगतात. वर्तुळाकार घटात कडेनं अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, त्यांवर पाण्यानं भरलेली घागर, घागरीवर पापड, कुरडई, वडा, सांडोळी. दुसऱ्या दिवशी पहाटे ढेकळं किती भिजली, धान्यं कशी हलली, यावरून पाऊस-पिकाचं भाकीत होतं. त्या भाकिताला शास्त्रीय आधार नाही आणि मी त्यावर एक दाणाही पेरणार नाही. पण रचना पाहा: चार ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. पावसाचं माप इथं महिन्यांनी घेतलं जातं. मृग-आर्द्रेला वेगळं ढेकूळ नाही. मांडणी बसली त्या काळी मृगाचा दरारा इथवर पोचलेला नव्हता, असाच मी याचा अर्थ लावतो.

मृगाचं सरकणं थांबलेलं नाही. आणखी पाचशे वर्षांनी तो १४ जूनच्या आसपास लागेल आणि तेव्हा कुठे तो खराखुरा बुलढाण्याचा होईल. तोवर कृषी विभाग सांगतो तेच खरं: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून ओल खोल गेल्याशिवाय सोयाबीन, कपाशी पेरू नये. आणि ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या वह्या असतील त्यांना एक विनंती. त्यांत पेरणीचा दिवस लिहिलेला सापडला, तर शक आणि तिथीसकट उतरवून ठेवा.