मूठभर तांदूळ आणि आठवड्याचे वार : मिझोराममधील प्रेस्बिटेरियन मंडळी

धर्मसंस्थेचा इतिहास म्हटला की आपण संस्थापक, मतभेद, फाटाफूट एवढंच सांगतो. ज्या संस्था टिकल्या त्या मात्र आठवड्याच्या जोरावर टिकल्या. सोमवारी काय, बुधवारी काय, स्वयंपाकघरात काय, हे विचारायला हवं. आज हाच प्रश्न मी मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन मंडळीला विचारणार आहे.

आधी हा शब्द थोडा सोडवून घेऊ. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'वडीलधारा'. वरून नेमलेला बिशप नाही, मंडळीने निवडलेले वडील आणि पाळक मिळून कारभार पाहतात, अशी ही पद्धत. आपल्याकडे ती परकी नाही. मुंबईचं विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते जॉन विल्सन स्कॉटिश प्रेस्बिटेरियन होते, आणि मिरजेचं वानलेस रुग्णालय अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं. आपण कॉलेज लक्षात ठेवलं, दवाखाना लक्षात ठेवला. मंडळी कशी चालते हे मात्र फारसं पाहिलं नाही.

तर मिझोराम. लॉरेन आणि सॅव्हिज हे दोन इंग्रज मिशनरी 1894 साली तिथे पोचले आणि त्यांनी मिझो भाषेला रोमन लिपी दिली. 1897 मध्ये डी. ई. जोन्स हे वेल्श मिशनरी आले आणि प्रेस्बिटेरियन मंडळीची बांधणी तिथून सुरू झाली. 1899 साली खुमा आणि खारा या दोघांचा बाप्तिस्मा झाला. या तारखा आवश्यक आहेत, पण खरी गंमत पुढे आहे.

मंडळीतल्या वडिलांना मिझो भाषेत 'उपा' म्हणतात. आता हा शब्द मिशनऱ्यांनी घडवलेला नाही. गावच्या सरदाराचे जे सल्लागार असत, त्यांनाही 'उपा'च म्हणत! फरक एवढाच की सरदाराचा उपा सरदाराच्या मर्जीने बसे आणि मंडळीचा उपा सभासदांच्या मतांनी. शब्द जुना, पण त्याच्या मागचा अधिकार उलटा झालेला. सरदारकी कायद्याने गेली ती 1954 मध्ये. त्याआधी कित्येक वर्षं लोक मंडळीत मत देऊन वडीलधारे निवडत होते. लोकशाहीची सवय या लोकांना मतपेटीच्या आधी चर्चमध्ये लागली, असं माझं मत आहे. कुणाला ते धाडसी वाटेल. वाटू द्या.

आता आठवडा बघा. शनिवारी रात्री उपासना. रविवारी सकाळी संडे स्कूल, मग दुपारची उपासना, मग संध्याकाळची. सोमवारी रात्री तरुणांची सभा. बुधवारी रात्री पुन्हा सगळी मंडळी. बायकांची सभा वेगळी. म्हणजे आपल्याकडे सप्ताह वर्षातून एकदा बसतो, तिथे तो दर आठवड्याला बसतो म्हणा ना! आणि संडे स्कूल म्हणजे फक्त पोराटोरांचं नव्हे. वेल्समध्ये बालाच्या थॉमस चार्ल्स यांच्या काळापासून प्रौढ माणसंही रविवारच्या शाळेत बसत. तीच रीत इथे आली. आजोबा आपल्या वयाच्या वर्गात पुस्तक उघडून बसलेले दिसतात. 2011 च्या जनगणनेत मिझोरामची साक्षरता 91.33 टक्के होती. त्याचं सगळं श्रेय रविवारला देता येणार नाही, पण बरंच द्यावं लागेल.

पण या सगळ्याचा खर्च कोण उचलतं? इथे मला थोडं रेंगाळायचंय.

1910 साली एक प्रथा सुरू झाली, 'बुहफाइथाम'. बुहफाइ म्हणजे तांदूळ, थाम म्हणजे मूठ. घरची बाई भात शिजायला टाकण्यापूर्वी त्यातली एक मूठ काढून वेगळ्या भांड्यात ठेवते. सकाळी एक, संध्याकाळी एक. मंडळीतल्या बायका घरोघरी जाऊन तो तांदूळ गोळा करतात, मंडळी तो विकते आणि पैसा धर्मकार्याला जातो. तुम्ही म्हणाल, हे तर आपलं मुष्टिफंड! अगदी बरोबर. भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेला बायाबापड्यांनी अशीच मूठमूठ दिली, आणि पणजीत तर त्या नावाची संस्थाच आहे. दोन्हीकडची बुद्धी एकच : ज्याच्याकडे रोकड नाही त्याच्याकडे चूल असते.

प्रथा सुरू झाली आणि 1911-12 मध्ये तिथे बांबूला फुलोरा येऊन उंदरांनी शेतं फस्त केली. या दुष्काळाला ते 'माउताम' म्हणतात. एवढ्या मोठ्या दुष्काळानंतरही मूठ काढणं थांबलं नाही. आज त्यातून वर्षाला कोट्यवधी रुपये उभे राहतात.

आता जरा बोचणारी गोष्ट. मिझोंमध्ये एक जुनी म्हण आहे : खेकड्याचं मांस हे मांस नव्हे आणि बाईचा शब्द हा शब्द नव्हे. मंडळीने बाईला अक्षर दिलं, सभा दिली, घराबाहेर पडायला कारण दिलं. पण 1913 मध्ये छुआखामा पहिले मिझो पाळक झाले, तेव्हापासून पाळकपद पुरुषांकडेच राहिलं. तांदूळ बाईचा, व्यासपीठ बुवाचं. तिथल्या शिकलेल्या स्त्रिया हा प्रश्न मंडळीत बसूनच विचारतात, बाहेरून नव्हे, हे मला महत्त्वाचं वाटतं.

ढोलाची कथाही अशीच. खुआंग, म्हणजे मिझो ढोल, तांदळाच्या दारूशी आणि जुन्या उत्सवांशी जोडलेला म्हणून सुरुवातीला उपासनेतून बाहेर होता. पुढे धर्मजागृतीच्या लाटा आल्या, लोक नाचू-गाऊ लागले, आणि ढोल आत आला. आज संथ सामुदायिक गायन त्याच्याशिवाय होत नाही. पाहुण्याला कुणी अडवून ठेवलं तर तो कधीकधी असा गाजत येतो!

स्वागताचं म्हणाल तर खरी परीक्षा मरणाच्या दिवशी. कुणाच्या घरी माणूस गेलं की तरुण मंडळी न बोलावता जमतात, कबर खणतात, घरच्यांसोबत रात्रभर गात बसतात. हे काम 1935 साली स्थापन झालेली, आज 'यंग मिझो असोसिएशन' या नावाने ओळखली जाणारी संघटना पाहते. ती चर्चची शाखा नाही, पण माणसं तीच. स्वतःची गैरसोय सोसून दुसऱ्यासाठी उभं राहण्याला मिझो 'त्लॉमङाइना' म्हणतात. हे मूल्य ख्रिस्ती धर्माच्या आधीचं आहे. धर्माने ते आणलं नाही, त्याला आठवड्याचं वेळापत्रक दिलं.

मार्च 1966 मध्ये ऐझॉलवर आपल्याच हवाई दलाने बॉम्ब टाकले. पुढच्या वर्षापासून गावंच्या गावं उठवून रस्त्याकडेच्या वसाहतींत नेली. शेत तुटलं, संचारबंदी आली, रात्रीच्या सभा कशा भरणार? तरीही 1986 च्या करारापर्यंतच्या वीस वर्षांत दोन्ही बाजूंशी बोलू शकणारी जी थोडी माणसं होती, त्यांत या मंडळीचे पाळक होते. सरकार त्यांना ओळखत होतं म्हणून नव्हे; दोन्हीकडची पोरं त्यांच्याच संडे स्कूलमध्ये बसलेली होती.