देवाचे रान, गावाची राखण

रेवदंड्याच्या खाडीपासून बाणकोटच्या खाडीपर्यंतचा जो मुलूख पूर्वी हबसाण या नावाने प्रसिद्ध होता आणि ज्यावर १९४८ साली विलीनीकरण होईपर्यंत जंजिऱ्याच्या नवाबाचा अंमल चालला, त्या मुलखातून वैशाखात फिरणाऱ्या माणसाला जांभ्या दगडाचे तापलेले सडे, राबासाठी भाजून काळ्या पडलेल्या वरकस जमिनी आणि फांद्या तोडून ठुंठ झालेले ऐन यांचेच दर्शन वारंवार घडते. परंतु मधूनच एखाद्या गावाच्या शिवेवर, ओहोळाच्या उगमाशी, अशी एखादी राई लागते की तिच्या आत पाऊल टाकताच पायाखाली पाचोळ्याचा गुडघाभर थर आणि डोक्यावर सातवीण, बेहडा, किंजळ, जांभूळ यांचे एकसंध छत असावे. ही राई कोणत्याही खात्याने लावलेली नाही. तिला कुंपण नाही, चौकीदार नाही, आणि तरीही शतकानुशतके ती टिकून आहे. रायगड किनाऱ्यावरील अरण्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने राज्यकर्त्यांचे हुकूम जरूर वाचावेत. मात्र ते अरण्य प्रत्यक्ष जगविले कोणी, या प्रश्नाचे उत्तर त्याला सरकारी दफ्तरात क्वचितच सापडेल.

हुकूमही सारेच वाईट होते असे नव्हे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणी लाकडाचा विचार आला आहे, आणि तो आजही आदराने वाचावा असा आहे : गलबतांना सागवानासारखे लाकूड लागते ते हुजूरची परवानगी घेऊन तोडावे, आंबा-फणसाची झाडेही कामाची खरी, पण ती वर्षा-दोन वर्षांत वाढत नाहीत, रयतेने लेकरांप्रमाणे ती सांभाळलेली असतात, तेव्हा त्यांना हात लावू नये, आणि एखादे जीर्ण झाड घ्यावयाचेच झाले तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन घ्यावे. झाडामागे माणसाचे श्रम आहेत ही जाणीव या राजनीतीत होती. १८४० साली आंग्र्यांचे कुलाबा संस्थान खालसा झाले आणि नंतरच्या काळात, विशेषतः १८७८ च्या जंगल कायद्याने, ही जाणीव मागे पडली. वाढत्या मुंबईला इमारती लाकूड, सरपण आणि कोळसा हवा होता. हे सारे या किनाऱ्यावरून पडाव-मचव्यांनी जाऊ लागले, आणि त्याच वेळी राबासाठी टाहळ तोडणारा कुणबी, आगरी व कातकरी सरकारच्या लेखी गुन्हेगार ठरू लागला. तक्रारी इतक्या वाढल्या की ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील जंगलांच्या चौकशीसाठी मुंबई सरकारला १८८५ मध्ये कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. परंतु दुखणे मुळातून बरे झाले नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेरजवळ अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात आठ सत्याग्रही धारातीर्थी पडले. त्यांत नाग्या कातकरी होता. आणि त्याच गोळीबारात सरकारचे मामलेदार जोशीही प्राणास मुकले. ज्या देवीच्या नावाच्या माळावर हे रक्त सांडले, त्या परिसरातील रानाशी लोकांचे नाते केवळ सरपणाचे नव्हते, हे त्या दिवसाने साऱ्या प्रांताला कळविले.

जंजिऱ्याच्या हद्दीत नवाबाने शिकारीसाठी राखलेले रान वाचले. तेच आज फणसाड अभयारण्य म्हणून १९८६ पासून शासनाच्या ताब्यात आहे. त्याचे मोल मोठे आहे. तथापि ते राजाच्या हौसेने राखलेले रान होते, आणि माझ्या मनात जे आहे ते गावाने राखलेले.

देवाच्या नावाने राखलेल्या अशा रानाची, म्हणजे देवराईची, शिस्त अगदी साधी. आतले झाड तोडावयाचे नाही, वाळकी काटकीसुद्धा घरी न्यावयाची नाही; देवळाच्या दुरुस्तीस वासा हवा असेल तर गावकी बसणार, गुरव देवीला कौल लावणार, आणि कौल उजवा मिळाला तरच कुऱ्हाड चालणार. मोडणाऱ्यास दंड; पण दंडापेक्षा देवीच्या कोपाचे भय अधिक. पावसाळ्यापूर्वी गावकीच्या बोलावण्यावरून घरटी एका माणसाने यावे, पायवाट मोकळी करावी, उगमाचे कुंड उपसावे, वणवा आत शिरू नये म्हणून कडेचे गवत कापावे. या कामाला मजुरी नसे. त्याला कोणी वनसंवर्धन म्हटले असते तर ते करणाऱ्यांना नवलच वाटले असते.

या व्यवस्थेचे मर्म विद्वानांच्या ध्यानी आले ते १९७० नंतरच्या वर्षांत, पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीच्या देवरायांचा धांडोळा घेतला तेव्हा. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावच्या लोकांनी त्यांना कळविले की आमच्या देवीच्या राईवर तोडीची आपत्ती आली आहे आणि गावचा ओहोळ त्याच राईतून निघतो. राई गेली तर प्यावयाचे पाणी जाईल. शास्त्रज्ञांनी वनखात्याकडे शब्द टाकला आणि राई वाचली. गावकऱ्यांच्या त्या विनंतीत भक्ती आणि जलविज्ञान यांची फारकत नव्हती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्याच राईत गारंबीची प्रचंड वेल होती. हातभर लांबीच्या शेंगा आणि मूठभर चपटे, तपकिरी, गुळगुळीत बी धरणारी ही वेल आसपासच्या उघड्या डोंगरांतून नाहीशी झालेली असल्याने, गुरांना सर्पदंश झाला की दूरदूरच्या गावांचे लोक तिची साल मागावयास गाणीला येत.

अशा राया पुढे रोडावल्या, त्याला केवळ सरकार जबाबदार नाही. मुंबईस गिरणीत आणि गोदीत गेलेल्या चाकरमान्यांनी गावच्या दैवतासाठी श्रद्धेने पैसा पाठविला; त्या पैशाने जीर्णोद्धार निघाले, कौलारू देऊळ जाऊन सिमेंटचा मंडप आला, आणि मंडपाला जागा म्हणून, कधी उरलेल्या खर्चाची भर म्हणून, जुनी झाडे गेली. देवीचा मान वाढला आणि तिचे घर मोडले. शिवाय जुनी गावकी मानपानाची होती. श्रम सर्वांचे आणि शब्द मोजक्या मानकऱ्यांचा. तरुण पिढीने तिच्याकडे पाठ फिरविली असेल तर तिला सर्वस्वी दोष देता येणार नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले आणि दिवेआगर-श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या वाड्या व किनाऱ्यावरचे सुरू उन्मळून पडले. तेव्हापासून पुन्हा झाडे लावण्याची भाषा सर्वत्र ऐकू येते. प्रश्न इतकाच की झाडे कोणती आणि त्यांचे बी कोठून आणावयाचे. न्यूझीलंडमधील ऑकलंडजवळच्या टिरिटिरी मटांगी बेटाचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. शंभराहून अधिक वर्षांच्या शेती-चराईने ते बेट जवळजवळ उघडे झाले होते. १९८४ ते १९९४ या दहा वर्षांत सामान्य नागरिकांनी होडीतून जाऊन, स्वतःच्या हातांनी, अडीच लाखांहून अधिक देशी रोपे तेथे लावली. घळींतून मूळच्या अरण्याचे काही तुकडे शिल्लक होते, म्हणून अरण्य परत आणताना नमुना डोळ्यांसमोर होता. आमच्या किनाऱ्यावर तसे तुकडे गावोगाव देवाच्या नावाने उभे आहेत. तरीही परदेशी अकेशिया आणि गिरिपुष्पाची रोपे लावून हिरवळीचे समाधान मानले जाते, याचा खेद होतो.

बी गोळा करण्याचे काम गावाचेच आहे, कारण कोणते झाड कधी फळते हे गावालाच ठाऊक असते. जांभूळ ज्येष्ठात पडते आणि त्याचे बी आठवड्या-दोन आठवड्यांत रुजवावे लागते, ते साठवून चालत नाही. बेहड्याचे बी हिवाळ्यात वेचून ठेवता येते. गारंबीचे कवच इतके कठीण की ते एका बाजूने घासून पाण्यात भिजत घातल्यावाचून सहसा लवकर अंकुरत नाही. आणि अंकुरली तरी ही वेल उघड्या सड्यावर एकटी लावून भागत नाही. तिला चढावयास थोर वृक्ष हवा. तेव्हा आधी ऐन, किंजळ आणि बेहडा लावावेत, ते पुरुषभर वाढेपर्यंत गुरे आणि वणवा यांपासून राखावेत, आणि गारंबीचे बी त्यांच्या बुंध्याशी पुढच्या पिढीने पेरावे.