मतं न मागणारं व्यासपीठ

आणीबाणी उठून दोन महिनेही झाले नव्हते. तुरुंगातून सुटलेली माणसं दिल्लीत मंत्री होत होती. अशा वेळी ११ मे १९७७ रोजी आचार्य शांताराम गरुड यांनी इचलकरंजीत समाजवादी प्रबोधिनी सुरू केली. ज्याला त्याला सत्तेची वाट दिसत होती, तेव्हा या गृहस्थांना लोकांचे अभ्यासवर्ग घ्यावेसे वाटले!

गाव यंत्रमागाचं. सूत, सायझिंग, कांड्या आणि मजुरीचे वाद. १९०४ साली इथं पहिला यंत्रमाग बसला तेव्हापासून कानात खडखडाट आहेच. हक्कासाठी भांडायला इथल्या कामगाराला कुणी शिकवायला नको होतं. पण सुताचा भाव का चढतो, अर्थसंकल्पातला कुठला आकडा आपल्या खिशाला हात घालतो, हे त्याला समजेल अशा मराठीत सांगायला माणसं कमीच. गरुडांनी नेमकं ते काम उचललं. व्याख्यानं, शिबिरं, प्रबोधन वाचनालय आणि ‘प्रबोधन प्रकाशन ज्योती’ हे मासिक असा व्याप वाढत गेला.

या व्यासपीठाचा खरा खांब म्हणजे प्रा. एन. डी. पाटील. संस्थेचं अध्यक्षपद त्यांनी दीर्घकाळ सांभाळलं. वाळवा तालुक्यातल्या ढवळीचा हा शेतकऱ्याचा मुलगा शेतकरी कामगार पक्षातून १९६० मध्ये विधान परिषदेवर गेला. १९७८ च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात सहकारमंत्री झाला, १९८५ ला कोल्हापुरातून आमदार. एवढ्यावर एखाद्याने जन्म काढला असता. एन. डी. मात्र मंत्रिपद गेल्यावरही त्याच तयारीने बोलायला उभे राहत. भाषण म्हणजे आकडे, सरकारी अहवालांतले दाखले, मध्येच एखादा बोचरा टोला. ऐकणाऱ्याची थोडी दमछाक व्हायची, हेही खरं.

त्यांचं लेखनही याच जातीचं. जाडजूड ग्रंथापेक्षा पुस्तिकेवर भर. ‘शेतजमिनीवरील कमाल मर्यादा आणि विलंबाचे राजकारण’ हे एका पुस्तिकेचं नाव. नावातच अख्खा आरोप! कोल्हापूरच्या गोविंद पानसरेंचं ‘शिवाजी कोण होता?’ हेही मुळात भाषणच. ते १९८८ साली पुस्तक होऊन घरोघर गेलं. आधी बोलायचं, मग छापायचं, ही या भागातल्या डाव्या कार्यकर्त्यांची रीतच झाली. माझ्या मते, पुढाऱ्याच्या भाषणाची खरी परीक्षा छापल्यावर होते. टाळ्या छापता येत नाहीत.

१९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर वारं फिरलं. ‘समाजवादी’ हा शब्द पाटीवर ठेवणं म्हणजे हटवादीपणा, असं शहाणे लोक म्हणू लागले. पाटी बदलली नाही. जागतिकीकरण, एन्रॉनचा वीजप्रकल्प, शिक्षणाचं खासगीकरण यांवर एन. डी. बोलत राहिले, ऐंशी ओलांडल्यावर कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनात रस्त्यावरही आले. १७ जानेवारी २०२२ रोजी ते गेले. गरुड त्याआधीच गेले होते. सरचिटणीस प्रसाद कुलकर्णी मासिकाचं संपादन करतात.

आता अडचण वेगळीच आहे. मागावर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले तरुण मोठ्या संख्येने उभे आहेत. मजुरीचे, घरभाड्याचे, रेशनचे प्रश्न तेच, पण मराठी मासिक त्यांच्या हातात देऊन उपयोग नाही. पुढची पुस्तिका हिंदीत निघायला हरकत नसावी.