थान, बोंड, पान्हा : नागपूर परिसरातील स्तनवाचक शब्दांचा इतिहास

स्त्रीच्या स्तनांसाठी मराठीत शब्दांची वाण कधीच नव्हती. घरात, गोठ्यात आणि बाळंतिणीच्या खोलीत वापरला जाणारा शब्दांचा एक थर होता आणि काव्य, कोश व वैद्यक यांच्या पोथ्यांतून उतरलेला दुसरा. हे दोन्ही थर दीर्घकाळ शेजारी नांदले आणि गरजेप्रमाणे एकमेकांकडून उसनवारी करीत राहिले. गेल्या दोनशे वर्षांत मात्र त्यांच्यातला व्यवहार मंदावला, घरचा शब्द अशिष्ट ठरला, ग्रंथातला शब्द पुस्तकातच राहिला आणि मधल्या मोकळ्या जागेत ‘छाती’सारखा मोघम शब्द येऊन बसला. या घडामोडीचे बहुतेक टप्पे नागपूर आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशात पाहता येतात, म्हणून तिचा इतिहास या प्रदेशाच्या आधाराने मांडणे सोयीचे आहे.

आरंभ प्राकृतापासून करावा लागतो. संस्कृत ‘स्तन’ या शब्दातील आद्य ‘स्त’चा प्राकृतात ‘थ’ झाला आणि ‘थण’ हे रूप सिद्ध झाले. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या, महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’त हाच शब्द खेड्यापाड्यांतील स्त्री-पुरुषांच्या वर्णनांत सहजपणे येतो. याच ‘थण’चे मराठी रूप म्हणजे ‘थान’. महाराष्ट्री प्राकृताला राजाश्रय देणाऱ्या वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचे आजचे नगरधन, नागपूर जिल्ह्यातच आहे, आणि ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्रीतील महाकाव्य वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे मानले जाते. ‘थान’ हा शब्द आज गावंढळ वाटत असला, तरी त्याचे कूळ असे राजदरबारी मान्यता पावलेल्या भाषेत आहे आणि त्याला हीन मानण्यास भाषेच्या इतिहासात कोणताही आधार नाही.

संस्कृतातील थर याच भूमीत तितक्याच ठळकपणे दिसतो. ‘मेघदूता’तील रामगिरी म्हणजे रामटेक होय, हे मत नागपूरचे इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. या काव्यात यक्ष मेघाला वाट सांगताना आम्रकूट पर्वताचे वर्णन करतो : पिकलेल्या आंब्यांनी पिवळसर झालेल्या त्या पर्वताच्या माथ्यावर काळा मेघ टेकला, की तो मध्यभागी श्याम आणि उरलेल्या विस्तारात फिकट अशा पृथ्वीच्या स्तनासारखा दिसेल. कल्पना काव्याची असली, तरी तिच्यामागचे निरीक्षण नेमके आहे. स्तनाच्या अग्राभोवती गडद रंगाच्या त्वचेचे जे वर्तुळ असते, ज्याला आज ‘स्तनमंडल’ म्हणतात, ते गर्भारपणात अधिक काळे होते. सुश्रुतसंहितेने स्तनांची मुखे काळी पडणे हे गर्भधारणेचे एक लक्षण म्हणून नोंदवले आहे आणि ‘रघुवंशा’त गर्भवती सुदक्षिणेचे वर्णन करताना कालिदासानेही ते टिपले आहे. कवी आणि वैद्य यांची दृष्टी येथे एकच आहे. दोघांनाही त्या अवयवाकडे थेट पाहण्याचा संकोच वाटलेला नाही.

वैद्यकाची परिभाषा काव्याहून काटेकोर होती. अमरकोशात ‘स्तन’ आणि ‘कुच’ हे पर्याय देऊन कुचाच्या अग्राला ‘चूचुक’ म्हटले आहे. चरकसंहितेत त्याच भागासाठी ‘पिप्पलक’ हा शब्द येतो, आणि दाई, म्हणजे दुसऱ्याच्या मुलाला अंगावर पाजणारी स्त्री, निवडताना तिचे स्तन फार उंच, फार लोंबते, फार कृश वा फार पुष्ट नसावेत, त्यांचे अग्र योग्य आकाराचे असावे आणि मुलाला ते सुखाने चोखता यावेत, असे ‘स्तनसंपत्’ या संज्ञेखाली सांगितले आहे. सुश्रुतसंहितेत स्तनांच्या खाली व वर दोन दोन अंगुळांवर असलेल्या मर्मांना अनुक्रमे ‘स्तनमूल’ आणि ‘स्तनरोहित’ अशी नावे आहेत, दुधाला ‘स्तन्य’ म्हटले आहे आणि स्तन्य वाहून नेणाऱ्या धमन्यांची मुखे कुमारिकांमध्ये मिटलेली असतात व प्रसूतीनंतर ती आपोआप उघडतात, असे प्रतिपादन आहे. त्याच ठिकाणी मुलाच्या स्पर्शाने, दर्शनाने आणि नुसत्या आठवणीनेही स्तन्य वाहू लागते आणि अखंड स्नेह हेच त्या स्रावाचे कारण आहे, असे म्हटले आहे.

घरच्या मराठीत या प्रक्रियेला एकच शब्द पुरतो, तो म्हणजे ‘पान्हा’. संस्कृत ‘प्रस्नव’, प्राकृत ‘पण्हव’ आणि मराठी ‘पान्हा’ असा त्याचा प्रवास आहे. आधुनिक शरीरशास्त्र या क्रियेचे दोन भाग करते : मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून स्रवणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकामुळे दूध तयार होते आणि त्याच ग्रंथीतून सुटणाऱ्या ऑक्सिटोसिनमुळे दुधाच्या सूक्ष्म पिशव्यांभोवतीच्या पेशी आकुंचन पावून ते पुढे ढकलले जाते. बाळंतिणीची आई किंवा सासू ‘दूध उतरलं’ आणि ‘पान्हा फुटला’ असे दोन वेगळे प्रयोग करते, तेव्हा ती या दोन क्रियांमधील भेदच बोलून दाखवत असते. बाळाचे रडणे ऐकून पान्हा फुटतो आणि धास्ती घेतल्याने तो आटतो, हे तिला अनुभवाने ठाऊक असते; सुश्रुताने सांगितलेला स्नेहाचा हेतू आणि संप्रेरकांचा आजचा सिद्धान्त या दोहोंना जोडणारा दुवा तिच्या शब्दांत आहे.

गोठ्यातील शब्दसंग्रह त्याहून बारीक आहे. वर्धा-नागपूर भागातील गौळाऊ गाईच्या दूध साठवणाऱ्या सबंध अवयवाला ‘कास’ आणि तिला असलेल्या चार टोकांना ‘सड’ किंवा ‘आचळ’ म्हणतात. धार काढण्यापूर्वी वासराला क्षणभर सडाला लावतात, म्हणजे गाय पान्हवते. धारेला बसणाऱ्यावर विश्वास नसला, की ती पान्हा चोरते. व्याल्यानंतरच्या घट्ट, पिवळसर दुधाला गाईच्या बाबतीत आणि बाईच्याही बाबतीत ‘चीक’ हाच शब्द आहे. कास सुजून दगडासारखी टणक झाली, तर त्या आजाराला ‘दगडी’ म्हणतात. यांपैकी कास आणि सड हे शब्द जनावरांपुरते मर्यादित राहिले, चीक व पान्हा दोन्हीकडे चालले, आणि ‘थान’ हा मुळात दोन्हींना लागू असलेला शब्द शहरी बोलीत हळूहळू जनावराकडे ढकलला गेला.

स्तनाच्या टोकासाठी घरचा शब्द ‘बोंड’ किंवा ‘बोंडी’. विदर्भ हा कापसाचा मुलूख असल्यामुळे येथे बोंड म्हटले की आधी कपाशीचे बोंड डोळ्यांपुढे येते. झाडाच्या वा अवयवाच्या टोकाशी असलेला गोलसर, भरीव भाग हा दोहोंमधील समान अर्थ आहे. स्तनपानाच्या क्रियेसाठी मात्र मराठीने अवयवाचे नावच टाळले आणि ‘अंग’ या व्यापक शब्दावर भागवले : मूल अंगावर पिते, आई अंगावर पाजते, दीड-दोन वर्षांनी अंगावरचे दूध तोडते. या प्रयोगांत संकोच असला, तरी संदिग्धता नाही, कारण ऐकणाऱ्याला अर्थ पुरता कळतो. दुधाने स्तन ताठर होऊन दुखू लागले, तर ‘दूध दाटलं’ असे सांगितले जाते आणि उपायही लगेच सुचवला जातो. बोलता येण्याजोगे शब्द असल्यामुळे ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे जात राहिले.

इंग्रजी अमदानीत शब्दांची मोजदाद सुरू झाली. जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १८५७ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. थान, कास, पान्हा हे शब्द त्यात इतर कोणत्याही शब्दासारखे नोंदलेले आहेत. पुढे दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने (१९३२-३८) वऱ्हाडी आणि नागपुरी शब्दांना स्वतंत्र संक्षेपचिन्हे देऊन या प्रदेशाच्या बोलीची दखल घेतली. मात्र भाषांच्या सरकारी पाहणीचा कल वेगळा होता. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये निघाला, आणि त्यात वऱ्हाडी व नागपुरी बोलींचे नमुने आहेत. सर्वेक्षणासाठी ठरवलेली २४१ शब्दांची व वाक्यांची यादी सर जॉर्ज कॅम्पबेल यांनी १८६६ मध्ये केलेल्या यादीवर आधारलेली होती, आणि हेच कॅम्पबेल १८६७-६८ मध्ये मध्य प्रांताचे चीफ कमिशनर म्हणून नागपुरात होते. या यादीत हात, पाय, नाक, डोळा, तोंड, दात, कान, केस, डोके, जीभ, पोट आणि पाठ आहेत; स्तन नाही. पुढे विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ मॉरिस स्वॉडेश यांनी जगातील सर्व भाषांना समान अशा मूलभूत संकल्पनांची जी १०० शब्दांची यादी केली, तिच्यात स्तनाला जागा मिळाली. भाषेच्या दृष्टीने अत्यंत मूलभूत असलेला शब्द गावोगावच्या चौकशीतून निसटला, याचे कारण त्या काळच्या शिष्टाचारात शोधावे लागते.

एकोणिसाव्या शतकात स्तनाची शरीररचना युरोपात नव्याने उलगडत होती. लंडनचे शल्यविशारद सर ॲस्टली कूपर यांचा स्तनाच्या रचनेवरील ग्रंथ १८४० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि स्तनाला आतून आधार देणाऱ्या तंतुबंधांना आजही त्यांचे नाव आहे. भारतात १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने स्त्रियांना स्त्री डॉक्टरांकडून उपचार मिळावेत यासाठी निधी उभारला गेला. नागपुरात १९१४ मध्ये रॉबर्टसन मेडिकल स्कूल सुरू झाले आणि १९४७ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला नागपूरकर नुसते ‘मेडिकल’ म्हणतात. या संस्थांनी असंख्य स्त्रियांचे प्राण वाचवले, परंतु त्यांची अध्यापनाची भाषा इंग्रजी राहिली, त्यामुळे डॉक्टरच्या तोंडी एक शब्द आणि रुग्णाच्या तोंडी दुसरा, अशी स्थिती निर्माण झाली.

ही दरी देशी परिभाषेने भरावी, असा मोठा प्रयत्न नागपुरातूनच झाला. कोशकार डॉ. रघुवीर यांनी आपली संस्था लाहोरहून नागपुरात आणली आणि मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारच्या पाठबळावर शास्त्रीय व प्रशासकीय परिभाषेचे काम हाती घेतले. त्यांचा बृहत् इंग्रजी-हिंदी कोश १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. संस्कृतातील धातूंना उपसर्ग आणि प्रत्यय जोडून हवी तेवढी नेमकी संज्ञा घडवता येते, ही त्यांची भूमिका होती. मराठीतील आजची शास्त्रीय परिभाषाही मुख्यतः संस्कृताच्याच आधारे वाढली. तिच्या साहाय्याने स्तनाची रचना स्पष्ट सांगता येते : दुसऱ्या ते सहाव्या बरगडीदरम्यान, छातीच्या मोठ्या स्नायूवर स्तन असतो, त्यात मेदाच्या वेष्टनात स्तनग्रंथीचे १५ ते २० खंड असतात, प्रत्येक खंडातील सूक्ष्म पिशव्यांत तयार झालेले दूध दुग्धनलिकांतून स्तनाग्राकडे येते, स्तनाग्राभोवती स्तनमंडल असते आणि स्तनातील लसीका, म्हणजे ऊतींमधून निथळणारा पारदर्शक द्रव, बहुतांशी काखेतील ग्रंथींकडे जातो. वर्णन निर्दोष आहे. परंतु ज्यांच्या शरीराचे ते वर्णन आहे, त्यांना त्यातील स्तनाग्र म्हणजे बोंड, हे कोणी सांगितले नाही.

ही दरी टिकून राहण्यामागे शब्द छापण्याची भीती हेही एक कारण होते. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात चालवलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात शरीराविषयी मोकळी, शास्त्रीय मराठी घडवली, आणि त्याबद्दल त्यांना अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड द्यावे लागले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. शिक्षा दंडाची झाली, पण सुशिक्षित समाजाने घेतलेला धडा अधिक महाग पडला : मूग गिळून बसणे हाच सभ्यपणा समजला गेला.

या मौनाची किंमत आकड्यांत दिसते. भारतातील स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे. २०२२ मध्ये देशात त्याचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण असल्याचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. नागपुरात १९८० पासून लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी, म्हणजे विशिष्ट क्षेत्रातील प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवणारी यंत्रणा, काम करते आहे. या रोगाची सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही, त्यामुळे ती हाताला लागणे आणि सांगितली जाणे यावर बरेच काही अवलंबून असते. ‘छातीत काहीतरी होतंय’ या वाक्यातून हृदय, फुप्फुस आणि स्तन यांपैकी काहीही सूचित होऊ शकते. ‘थानात गाठ लागते, बोंड आत ओढलं गेलंय, काखेतही गोळा आहे’ या वाक्यातून मात्र तपासणीची दिशा निश्चित होते. या दुसऱ्या वाक्यात एकही पारिभाषिक शब्द नाही, तरी वैद्यकीय दृष्ट्या ते पूर्ण आहे.

म्हणून आरोग्यशिक्षणाच्या मराठीत दोन्ही थर एकत्र छापले जाणे आवश्यक आहे. शाळेच्या पुस्तकात आणि आशा सेविकेच्या माहितीपत्रकात ‘स्तन’ शेजारी ‘थान’, ‘स्तनाग्रा’शेजारी ‘बोंड’ आणि ‘स्तनमंडला’शेजारी ‘बोंडाभोवतीचा काळा भाग’ असे लिहिले, तर संस्कृत संज्ञेची नेमकी व्याप्ती आणि घरच्या शब्दाचा परिचय या दोहोंचा लाभ एकाच वाचनात मिळेल, आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही रुग्णाचे म्हणणे पहिल्याच वेळी कळेल. ‘थान’ला प्रतिष्ठा देण्यासाठी नवा शब्द घडवावा लागत नाही, कोणता कोशही नव्याने रचावा लागत नाही; नगरधनच्या वाकाटकांनी आश्रय दिलेल्या भाषेतूनच आलेला हा शब्द निःसंकोचपणे लिहिला आणि उच्चारला जाणे एवढेच उरले आहे, आणि ते काम शिक्षक, डॉक्टर व परिभाषाकार यांनी मिळून करण्याचे आहे.