वैद्यकीच्या दाराचे माप

आपल्या मुलाने डॉक्टर व्हावे ही इच्छा बारामती-इंदापूरकडच्या घरांतून आज अशी काही मुरली आहे की, ती वाडवडिलांपासून चालत आली असावी असे वाटते. वास्तविक या इच्छेचे वय फार नाही. आणि तिचा इतिहास म्हणजे एका दाराचा इतिहास आहे. मौज अशी की, त्या दाराने आपली जागा तर बदललीच, पण आपले मापही वेळोवेळी बदलले.

पाश्चात्त्य वैद्यकाचे पहिले दार आपल्याकडे मुंबईस १८२६ साली उघडले. डॉ. मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली चालणाऱ्या त्या शाळेत शिक्षण देशी भाषांतून दिले जाई. सहाच वर्षांत ती बंद पडली. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले ते इंग्रजी घेऊनच. आता माप इंग्रजीचे झाले. १८५१ साली तेथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड होते. वैद्यकाकडे वळण्यापूर्वी हे गृहस्थ एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षक होते आणि गुजरातेतील बालहत्येवरील निबंधाला त्यांनी पारितोषिकही मिळवले होते. म्हणजे दारात उभे राहण्याआधीच त्यांच्या हाताशी पुष्कळ काही जमले होते. खेड्यातल्या मुलाने एवढे कोठून आणावे?

पण हे माप कधी कधी झुकलेही आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस निघाल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. मॅट्रिकचे प्रशस्तिपत्र त्यांच्यापाशी नव्हते. मग बाईंनी काय केले? २४ फेब्रुवारीस श्रीरामपूर येथे (बंगालातले श्रीरामपूर, आपले नगरकडचे नव्हे) भर सभेत इंग्रजीतून भाषण करून आपण परदेशी का जातो हे सांगितले. आणि पेन्सिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजाला पत्र लिहून आपला निर्धार हीच आपली पात्रता म्हणून पुढे ठेवली. कॉलेजने ती मानली. १८८६ साली त्या एम. डी. झाल्या. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशीच थांबले, म्हणूनही असेल, पण कागदाऐवजी माणूस वाचणाऱ्या त्या कॉलेजचे मला फार कौतुक वाटते.

इकडे पुण्यात १८७८ साली बी. जे. मेडिकल स्कूल निघाले आणि १९४६ साली त्याचे कॉलेज झाले. बारामतीला दौंडची छोटी आगगाडी १९१४ साली आली; इंदापूरकरांना मात्र सोलापूर रस्त्याचाच आधार. पण गाडीचे भाडे ही किरकोळ बाब होती. खरा खर्च पुण्यातल्या खोलीचा आणि खाणावळीचा. १९६२ साली तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघाले, आणि घरची भाकरी खाऊन कॉलेज करणे बारामतीत शक्य झाले. आमच्या भागातल्या मुलांच्या दृष्टीने मला ही तारीख फार मोठी वाटते.

पुढे सारा कारभार गुणांवर आला. बारावीच्या एकेका गुणासाठी मुले लातूरला जाऊन राहू लागली. मग सीईटी आली; आणि २०१७ पासून राज्यातल्या एमबीबीएसच्या जागा ‘नीट’च्या गुणांवरच भरतात. १८० प्रश्न, ७२० गुण. त्यांतले निम्मे एकट्या जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकल्यास एक वजा. हे माप ठाऊक असूनही आमची मुले भौतिकशास्त्राच्या धसक्याने वर्ष घालवतात आणि जीवशास्त्राला ‘नुसते पाठांतर’ म्हणून शेवटच्या महिन्यावर ढकलतात! हमखास पदरात पडणारे गुण आधी बांधून घ्यावेत, हे शेतकऱ्याच्या पोराला निराळे सांगायला नको. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, मात्र अर्ज भरतानाच तसे नोंदवावे लागते. १८२६ च्या त्या शाळेची येथे आठवण होते खरी. परंतु आत गेल्यावर ग्रंथ इंग्रजीच, तेव्हा संज्ञा दोन्ही भाषांत पाठ असलेल्या बऱ्या.

२०१९ साली खुद्द बारामतीत सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झाले. आज त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव आहे. जागा शंभर. दार असे अंगणात आले, तेव्हा आता आपल्या मुलांचे काम सोपे झाले असे पुष्कळांना वाटले. तसे नाही. तेथे गाववाल्याला वेगळी जागा नाही. शंभरांतल्या पंधरा जागा अखिल भारतीय यादीतून भरतात, उरलेल्या राज्याच्या. प्रादेशिक वाटणीचा ७०:३० चा नियमही २०२० साली गेला. इंदापूरच्या मुलीला या कॉलेजात बसायचे तर नागपूर-नांदेडच्या मुलींच्या रांगेतच उभे राहावे लागते.

आणि आनंदीबाईंना जो कागद आडवा आला नाही तो आता येतो. गुण आहेत, पण जातवैधता प्रमाणपत्र हाती नाही, उत्पन्नाचा किंवा अधिवासाचा दाखला अपुरा आहे, अशाने राखीव जागेवरचा हक्क हातचा जातो. जातपडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत जातो आणि समितीकडे त्याला वेळ लागतो. ज्यांच्या घरी यंदा अकरावी-बारावीचे मूल आहे, त्यांनी भाऊबीज उरकली की आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला कोणत्या ट्रंकेत आहे, तेवढे पाहून ठेवावे.